ओकच्या सांगाड्यावर उभी घरे

१५९८ चा डिसेंबर संपत आला होता. नाताळ उलटल्यावर लंडनच्या शोरडिच भागात काही मंडळी सुतारांना बरोबर घेऊन एका नाट्यगृहापाशी जमली. नाट्यगृहाचे नाव ‘द थिएटर’. जेम्स बर्बेज याने ते १५७६ मध्ये पट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर बांधले होते. एकवीस वर्षांची मुदत संपली आणि पट्टा वाढवून देण्यावरून जमीनमालक जाइल्स अॅलन याच्याशी बोलणी फिसकटली. तोवर जेम्स वारला होता. जमीन अॅलनची असली तरी वरची इमारत आपली आहे, या आधारावर त्याच्या मुलांनी पीटर स्ट्रीट या सुताराला कामाला लावले. सारी इमारत उतरवली गेली, तिची लाकडे थेम्सच्या दक्षिण काठावर नेली गेली आणि १५९९ मध्ये तिथे ‘ग्लोब’ उभे राहिले. शेक्सपिअर ज्या मंडळीत होता, तिचे हे नाट्यगृह. अॅलन कोर्टात गेला, पण त्याला लाकडे काही परत मिळाली नाहीत.

अख्खे नाट्यगृह असे सुटे करून नेता आले, याचे कारण त्याच्या बांधणीत होते. ओकच्या लाकडांचा सांगाडा, लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेला. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षे घरे, कोठारे, बाजारपेठा, श्रेणींच्या (गिल्डच्या) कचेऱ्या अशाच बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या हजारो आजही वापरात आहेत. जुन्या इंग्लंडची वास्तुकला म्हटले की आपल्याला दगडी कॅथीड्रल आणि किल्ले आठवतात. पण सामान्य माणूस जन्मला, जगला आणि मेला तो लाकडी घरात. त्या देशाचा इतिहास समजून घ्यायचा तर या सांगाड्यांपासून सुरुवात करायला हवी.

ओले लाकूड, घट्ट सांधा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक भागांत घर बांधायचे म्हणजे आधी सुताराला गाठायचे. पाथरवटाचे काम चर्चला, मठाला, किल्ल्याला. सुतार रानात जाऊन उभी झाडे पारखायचा. ओक वाळवत ठेवण्याची पद्धत घरबांधणीत नव्हती. वाळलेला ओक इतका कठीण होतो की त्यात पटाशी शिरत नाही. ओला असताना मात्र तो कुऱ्हाडीने सरळ तासता येतो. म्हणून झाड पाडले की बहुधा वर्ष-दोन वर्षांच्या आत ते घरात बसलेले असे. सरळ बुंध्याचे खांब आणि तुळया होत, नैसर्गिक बाक असलेल्या फांद्यांचे कोपऱ्यातले आधार.

घरे बांधूनच इंग्लंडची जंगले संपली, असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. वनांचा इतिहास लिहिणारे ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफकमधल्या एका जुन्या शेतघराची लाकडे मोजली, तेव्हा त्याला सुमारे ३३० झाडे लागल्याचे दिसले आणि त्यांतली बरीचशी बारीक होती. रान राखायची रीतच तशी होती. हेझलसारखी झुडपे काही वर्षांनी बुंध्याशी छाटायची, त्यांना पुन्हा फोक फुटू द्यायचे, आणि मधूनमधून ओक वाढू द्यायचे. तोडलेले रान पुन्हा वाढत असे.

आता एक सांधा जवळून पाहू. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची आणि एकात दुसरे बसवायचे. खाचेच्या दोन्ही गालांतून गिरमिटाने आरपार भोक पाडायचे. कुसवातही भोक पाडायचे, पण ते त्या भोकासमोर नेमके न धरता किंचित आतल्या बाजूला सरकवून. वाळलेल्या ओकची निमुळती खुंटी या भोकांतून ठोकली की ती वाट काढता काढता कुसवाला खाचेत खेचून घेते. पुढे लाकूड वाळते, आकसते, थोडे पिळवटतेही. पण खुंटीने धरलेला सांधा निसटत नाही. लोखंडाचा खिळा लागत नाही, आणि लागला असता तरी ओकमधल्या टॅनिनने तो गंजवला असता.

सगळा सांगाडा आधी सुताराच्या अंगणात आडवा मांडून जुळवला जाई. हाताने तासलेली दोन लाकडे कधी सारखी नसतात, म्हणून प्रत्येक सांधा त्याच्याच जोडीदाराशी बसतो. हे जोडीदार चुकू नयेत म्हणून सुतार त्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरत. चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे पाचाच्या खुणेपुढे चार रेघा. चार आणि सहा या आकड्यांची उलट्या बाजूने पाहताना गल्लत होऊ नये, ही त्यामागची व्यवहारी अक्कल. मग सांगाडा सुटा करून जागेवर न्यायचा आणि दोरखंड, टेकू, माणसे लावून एकेक चौकट उभी करायची. दोन चौकटींमधल्या अंतराला आपल्याकडचे सुतार खण म्हणतात. इंग्लंडमध्येही घराचे माप असे खणांतच सांगितले जाई.

चिखलाच्या भिंती

या घरांत वजन पेलतो तो सांगाडा, भिंत नव्हे. भिंत म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा बुजवणारा पडदा. ओकच्या उभ्या पट्ट्या वर-खाली खोबणीत बसवायच्या, त्यांत हेझलचे फोक आडवे विणायचे आणि माती, शेण व चिरलेला पेंढा कालवून तो लगदा दोन्ही अंगांनी थापायचा. कोकणात कुडाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही भिंत पाहताक्षणी ओळखू येईल. वरून चुन्याचा हात फिरवला की भिंत तयार.

चिखल आणि लाकूड यांचा शत्रू एकच, साचलेले पाणी. सुरुवातीच्या काळात खांब थेट जमिनीत पुरत आणि ते बुडाशी कुजत. एसेक्समधले ग्रीनस्टेडचे चर्च उभ्या चिरलेल्या ओकच्या ओंडक्यांचे आहे, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ओंडक्यांची बुडे खराब झाल्यामुळे एकोणिसाव्या शतकात ती कापून खाली विटांचे जोते घालावे लागले. मध्ययुगातल्याच पुढच्या पिढ्यांच्या सुतारांनी हा धडा घेतला होता. दगडी जोत्यावर आडवी तुळई टाकायची आणि तिच्यावर खांब उभे करायचे. घर जमिनीपासून सुटले आणि शतके टिकू लागले.

घर जमिनीपासून किती सुटे असते, हे एक्सेटर शहराने १९६१ मध्ये पाहिले. नव्या रस्त्याच्या आड येणारे एक मध्ययुगीन घर पाडण्याऐवजी लाकडी आधारांत जखडून चाकांवर घेतले आणि चढावरून ओढत नव्या जागी नेऊन ठेवले. वजन वीस टनांहून अधिक. ते आजही तिथे उभे आहे.

कोठार आणि राजाचे दालन

या कसबाची भव्यता पाहायची तर कोठारांत जावे. एसेक्समध्ये क्रेसिंग टेम्पल येथे नाइट्स टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाने तेराव्या शतकात बांधलेली दोन कोठारे आहेत, एक जवासाठी आणि एक गव्हासाठी. हीथ्रो विमानतळाजवळच्या हार्मंड्सवर्थ गावातले कोठार विंचेस्टर कॉलेजने १४२६ च्या सुमारास बांधले. लांबी ५८ मीटर, बारा खण, आणि बहुतेक लाकूड मूळचेच. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, मध्ये उंच मोकळी जागा. कवी जॉन बेट्जमन यांनी त्याला मिडलसेक्सचे कॅथीड्रल म्हटले ते उगाच नव्हे. रचना अगदी तशीच आहे, फक्त देवाच्या जागी धान्य.

धान्याच्या कोठारात मधले खांब खपून जातात. राजाच्या दरबारात ते नजरेच्या आड येतात. वेस्टमिन्स्टर हॉल १०९७ च्या सुमारास विल्यम रूफसने बांधला. सुमारे ७३ मीटर लांब, वीस मीटर रुंद. तीन शतकांनंतर दुसऱ्या रिचर्डने त्यावर नवे छत घालायचे ठरवले आणि १३९३ मध्ये ह्यू हरलंड हा सुतार कामाला लागला. वीस मीटर लांबीची तुळई देईल असा ओक मिळत नाही. हरलंडने भिंतींतून आत झेपावणारी आखूड लाकडे काढली, त्यांवर उभे खांब ठेवले आणि मोठ्या कमानींनी सगळे बांधून टाकले. छताचे शेकडो टन वजन टप्प्याटप्प्याने भिंतींवर उतरले आणि खाली एकही खांब राहिला नाही. लाकडे सरेमध्ये फार्नमजवळ घडवली, जुळवली आणि तिथून गाड्यांवरून व नदीतून लंडनला आणली. १८३४ च्या आगीत जुने पार्लमेंट जळाले, मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात कॉमन्सचे सभागृह गेले. दोन्ही वेळा हे छत वाचवले गेले. आतून पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मात्र त्याची दशा केली होती, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आत पोलादाचा छुपा आधार द्यावा लागला.

धुराने भरलेले घर

पंधराव्या शतकातल्या बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या घरात शिरलो तर काय दिसेल? घराच्या मधोमध छपरापर्यंत उघडे दालन. त्याच्या जमिनीवर चूल, आणि धुराडे नाही. धूर वर चढतो, वाशांमध्ये रेंगाळतो आणि फटींतून बाहेर जातो. खिडक्यांना काच नाही. लाकडी गज आणि आतून झडपा. दालनाच्या एका टोकाला यजमानाचे मेज आणि त्यामागे घरच्यांची खासगी खोली, वर निजायची खोली. दुसऱ्या टोकाला आरपार जाणारी वाट, तिच्या पलीकडे एक खोली पिंपांची, एक भाकरीची. कोण कुठे बसणार हे घराच्या आखणीतच ठरलेले. गडीमाणसे आणि मालक एकाच छपराखाली जेवत, पण टोके वेगळी.

केंटमधले ‘बेलीफ’ नावाचे असे एक घर आज वेस्ट ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलंड संग्रहालयात आहे. ते ज्या जागी होते तिथे बाउ बीच तलावाचे काम सुरू झाले, तेव्हा ते सुटे करून इथे आणले आणि पुन्हा जोडले. या संग्रहालयात अशी किती तरी वाचवलेली घरे आहेत.

सोळाव्या शतकात हे दालन बदलले. विटांची धुराडी आली. चूल भिंतीशी गेली, धुराला वाट मिळाली आणि उघड्या दालनात मध्येच मजला घालता आला. एका खोलीच्या दोन झाल्या. विल्यम हॅरिसन या पाद्र्याने १५७७ मध्ये छापलेल्या आपल्या वर्णनात नोंदवले आहे की त्याच्या गावातले म्हातारे तीन बदलांबद्दल नवल करत, आणि त्यांतला पहिला म्हणजे जिकडे तिकडे दिसू लागलेली धुराडी. वेगळ्या खोल्या आल्या, जिना आला, मालकाचे निजणे-बसणे गड्यांपासून आणखी दूर गेले. एवढा सामाजिक बदल एका धुराड्याने शक्य केला.

पण जुन्या धुराने पुरावा मागे ठेवला. मजल्यावरच्या माळ्यात चढून पाहिले की काळे कुळकुळीत वासे दिसतात, म्हणजे हे घर मुळात उघड्या दालनाचे होते. डेव्हनमध्ये काही छपरांखाली मूळचा काजळलेला पेंढाही शिल्लक आहे. दर पिढीने वरून नवी शाकारणी केली आणि तळचा थर तसाच राहिला. त्यात मध्ययुगातल्या उंच वाढणाऱ्या गव्हाच्या आणि रायच्या काड्या ओंब्यांसकट सापडतात. शेतीचा अभ्यास करणाऱ्यांना असा नमुना दुसरीकडे मिळणे अवघड.

रस्त्यावर झुकलेले मजले

शहरात जागा कमी. तिथे वरचा मजला खालच्यापेक्षा दोन-तीन फूट पुढे काढत. यॉर्कच्या शॅम्बल्स या जुन्या खाटिकगल्लीत समोरासमोरचे मजले एकमेकांकडे झुकलेले आजही दिसतात. जास्तीची जागा हे एक कारण होतेच. शिवाय पुढे आलेल्या टोकांवर वरच्या भिंतीचे वजन पडले की मजल्याची लाकडे मध्ये कमी लवतात. आणि तिसरे कारण निखळ प्रतिष्ठेचे. म्हणून खेड्यात भरपूर जागा असूनही श्रीमंतांनी मजले पुढे काढले.

या हौसेचे टोक चेशरमधल्या लिटल मोर्टन हॉलमध्ये पाहावे. खंदकाने वेढलेले हे घर मोर्टन घराण्याने शंभर वर्षे वाढवत नेले. आधीच्या मजल्यांवर लांबच लांब दालन चढवले आणि वर जड दगडी पाट्यांचे छप्पर. खालची लाकडे वाकली, जमिनी उतरत्या झाल्या, पण घर पडले नाही. अंगणातल्या खिडक्यांवर १५५९ साल आणि सुताराचे नाव कोरलेले आहे: रिचर्ड डेल. बांधणाऱ्या कारागिराचे नाव असे दर्शनी भागावर येणे दुर्मीळ, म्हणून ते मुद्दाम वाचावे.

आग, वीट आणि गरिबी

लाकडी शहराला आगीची भीती कायम असते. लंडनने १२१२ च्या मोठ्या आगीनंतर पेंढ्याच्या छपरांवर बंदी घातली होती. तरीही २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधल्या भटारखान्यातून आग निघाली आणि चार-पाच दिवसांत सुमारे १३,२०० घरे व ८७ चर्च जळाली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरवले.

यानंतर वीट हीच सुधारलेल्या घराची खूण झाली. अठराव्या शतकात अनेक गावांत लोकांनी जुन्या लाकडी घरांना पुढून विटांची भिंत चढवली आणि उंच खिडक्या बसवल्या. ज्यांना तेवढे परवडेना, त्यांनी विटांसारख्या दिसणाऱ्या खास कौलांचे आवरण लावले. लुइस आणि कँटरबरीत ती दिसतात. समोरून जॉर्जियन दिसणाऱ्या घराच्या मागच्या दारी पंधराव्या शतकातला सांगाडा सापडणे तिथे नवलाचे नाही.

मग उघडे लाकडी गाव उरले कुठे? जिथे पैसा आटला तिथे. सफकमधले लॅव्हनम लोकरी कापडावर इतके गबर झाले होते की १५२० च्या दशकात ते इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत गावांत मोजले जाई. पुढे कापडाचा धंदा दुसरीकडे गेला. घरे पाडून नवी बांधायची ऐपत राहिली नाही, म्हणून जुनी डागडुजी करून वापरली गेली. कॉर्पस क्रिस्टी श्रेणीचे सभागृह पुढे तुरुंग झाले, गरिबांचे आश्रमघर झाले, आणि त्यामुळेच उभे राहिले. आज लोक जे लॅव्हनम पाहायला येतात, ते त्या गावाच्या चारशे वर्षांच्या ओढगस्तीने राखलेले आहे.

स्कॉट, मॉरिस आणि दहा पौंडांचे घर

एकोणिसाव्या शतकात जुन्या इमारतींना नवा धोका निर्माण झाला, तो त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांकडून. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे त्या काळचे सर्वांत मोठे वास्तुविशारद. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर त्यांच्याच आराखड्यांवर उभे आहेत, जरी ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. इंग्लंडमध्ये स्कॉट आणि त्यांच्या पिढीतले इतर विशारद जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार करत. मूळ इमारत कशी असावी याची कल्पना करायची, नंतरच्या शतकांची भर काढून टाकायची, झिजलेला दगड खरवडायचा किंवा बदलायचा.

ट्यूक्सबरीच्या ॲबीत स्कॉट यांचे असे काम होणार हे कळल्यावर १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जाहीर विरोध केला आणि फिलिप वेब आदींसह प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. मॉरिस यांचे म्हणणे साधे होते. इमारत एका शतकाची नसते. प्रत्येक पिढीच्या खुणा मिळून ती घडते. हरवलेले परत बनवता येत नाही. करायचे ते इतकेच की रोजची निगा राखावी आणि मोडेल तेवढे दुरुस्त करावे.

या विचाराची एक कसोटी ससेक्समधल्या ॲल्फ्रिस्टन गावी लागली. तिथले पाद्र्यांचे चौदाव्या शतकातले लाकडी घर पाडायच्या बेतात होते. नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ मध्ये ते दहा पौंडांना विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. कुठला राजवाडा नव्हे, एक मोडके घर. तिथली जमीन चोपलेल्या खडूची आहे आणि तिला आंबट दुधाचा लेप देतात.

घराचे वय आणि घराचे औषध

या घरांभोवती दंतकथा पुष्कळ. जहाजांची लाकडे वापरली आहेत, ही सर्वांत लाडकी. तुळईत रिकाम्या खाचा दिसल्या की लोक जहाज आठवतात. प्रत्यक्षात त्या खाचा बहुधा एखाद्या आधीच्या घराच्या असतात. ओक महाग होता, तो पुन्हा वापरला जाई. काळे लाकूड आणि पांढरी भिंत हे रूपही बऱ्याच अंशी व्हिक्टोरियन काळातली आवड आहे. त्याआधी अनेक ठिकाणी लाकूड रुपेरी करडे होऊ देत, किंवा लाकूड-भिंतीवर सरसकट चुना मारत.

खरे वय झाडच सांगते. ओक दरवर्षी एक वलय धरतो. चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. तुळईतून पेन्सिलीएवढा नमुना काढून वलयांचा क्रम आधी ठरवलेल्या लांब क्रमाशी ताडून पाहतात. सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असेल, तर झाड कोणत्या वर्षी पडले, एवढेच नव्हे तर हिवाळ्यात की उन्हाळ्यात, तेही कळते.

आता औषधाबद्दल. या घरांना विसाव्या शतकात सर्वांत मोठी इजा झाली ती सिमेंटने. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. लाकूड हवामानाबरोबर हलते, चुनाही थोडा हलतो. सिमेंट हलत नाही. त्याला चीर पडते, चिरेतून पाणी आत जाते आणि आत कोंडून राहते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत असताना आत सहा शतके टिकलेली तुळई काही दशकांत भुसा होते. म्हणून आज जाणकार सुतार सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावतात. कुजलेले असेल तेवढेच लाकूड कापतात, निरोगी भागाला नव्या ओकचा तुकडा जुन्याच पद्धतीच्या सांध्याने जोडतात, आणि तो नवा आहे हे लपवत नाहीत.

इंग्लंडला गेलात, किंवा तिथे राहत असाल, तर अशा घरात दर्शनी भागावर वेळ न घालवता आत जा. माळ्यावर काजळी आहे का पाहा. सांध्यांजवळ सुताराच्या रेघा शोधा. जुन्या खांबाच्या पायाशी जोडलेला नवा ओक दिसला, तर तिथे थांबा. ही घरे त्या जोडांमुळे टिकली आहेत, आणि ते जोड घालणारे हात आहेत तोवरच टिकणार आहेत.